गोळी न घेणारी माणसं

"बाबा, दूध गॅसवर ठेवलं असेल तर तिथेच उभे राहा. पेपर वाचायला जाऊ नका... हो, मागच्या वेळीही तुम्ही 'फक्त मथळे बघतो' असंच म्हणाला होतात."

सुरुचीनं फोन पर्समध्ये टाकला. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस हसतो आहे. आवाज न करता, छताच्या पंख्याकडे बघत... पण हसतोच आहे.

"मराठी समजतं वाटतं तुम्हाला," ती म्हणाली.

"माफ करा. ऐकायचं नव्हतं." तो सरळ बसला. "आमच्याकडे आई उतू घालवते. मालिका बघताना."

"आणि ओटा कोण पुसतं?"

"मी."

"मग हसायचा हक्क आहे तुम्हाला."

ही दोन हजार पंधराच्या जानेवारीतली सकाळ. खाली भोपाळच्या जवाहर चौकात इतकं धुकं होतं, की समोरच्या दुकानांच्या पाट्या दिसत नव्हत्या. वर, दुसऱ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात, एक लाकडी बाक होता, एक वजनकाटा होता, आणि भिंतीवर हिंदीत एक सूचना होती: कृपया एक-दूसरे का नाम न पूछें.

त्या बाकावर येणाऱ्या माणसांत एक गोष्ट सारखी होती. त्यांच्या रक्तात एचआयव्ही होता, बऱ्याच वर्षांपासून होता, आणि तरी ती आजारी पडली नव्हती. बहुतेकांच्या शरीरात हा विषाणू आठ-दहा वर्षांत प्रतिकारशक्ती पोखरून टाकतो. फार थोड्यांच्या शरीरात तो नुसता राहतो, कुरबूर न करणाऱ्या भाडेकरूसारखा. त्या काळी प्रतिकारशक्तीचा आकडा एका मर्यादेखाली उतरला तरच औषध सुरू करत. यांचा आकडा उतरतच नव्हता, म्हणून यांना गोळ्या नव्हत्या. असं का होतं, ते शोधण्यासाठी डॉ. रेवती अशा तेवीस जणांच्या रक्तातला विषाणू वेगळा काढून त्याची जनुकं अक्षर-अक्षर वाचत होत्या. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, रक्त द्यायला यायचं. नावाऐवजी नंबर. प्रत्येकाजवळ एक पिवळं कार्ड, त्यावर फक्त तो नंबर.

"नाव विचारायचं नाही म्हणतात," तो माणूस म्हणाला. "नंबर विचारला तर चालेल का, ते लिहिलेलं नाही."

"एकोणीस."

"अकरा."

"म्हणजे तुम्ही सीनियर."

"आठ नंबरांनी." तो तिच्याकडे वळला. "तुमचं काय मत आहे? तुमचा विषाणू अशक्त आहे, की तुम्ही पैलवान आहात?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारणारे खाली बघून विचारत, आणि आवाज उगीचच मऊ करत. हा माणूस क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं विचारत होता.

"पाण्याची बादली मी दोन्ही हातांनी उचलते," ती म्हणाली.

"मग विषाणूच अशक्त."

"आणि तुमचं?"

"माझं वजन बावन्न किलो. आताच त्या काट्यावर केलं. तुम्हीच ठरवा."

ती हसली. मग आपण कुठे बसलो आहोत ते आठवून जरा दचकली, आणि पुन्हा हसली.

*

त्याचं नाव सत्यजित. ते तिला जुलैत कळलं, आणि इमारतीच्या बाहेर कळलं. बाहेर सूचनेचा अंमल चालत नाही, असं त्याचं म्हणणं. पावसाळा अर्धा होऊन गेला होता. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर ताडपत्रीतून एक धार नेमकी दोन स्टुलांच्या मधोमध पडत होती, आणि त्या धारेच्या एका बाजूला ती, एका बाजूला तो, असे ते पोहे खात बसले. जिलबीही होती. भोपाळमध्ये पोह्यांबरोबर जिलबी नसेल तर लोक पोहे शिळे आहेत का म्हणून विचारतात.

सुरुचीचे आजोबा नागपूरच्या सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि इथलेच झाले. लग्नासाठी मात्र तिला पुन्हा नागपूरला पाठवलं गेलं, विसाव्या वर्षी. दोन वर्षांत नवरा गेला. तो कशानं गेला हे तिला तो गेल्यावर कळलं. त्याला ते आधीपासून माहीत होतं का, हे कधीच कळलं नाही. वडील, नरहरराव, स्वतः जाऊन तिला परत घेऊन आले. आता ती गोविंदपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरची वेटोळी करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तपासनीस होती. तारेचे वेढे मोजायचे, कमी-जास्त असतील तर परत पाठवायचे.

सत्यजितला हा आजार रक्तातूनच आला. स्कूटरचा अपघात, एका खासगी दवाखान्यात चढवलेलं रक्त. त्याला कळलं तेही रक्तामुळेच: तीन वर्षांनी तो मित्राच्या वडिलांसाठी रक्तदान करायला गेला, आणि त्याला बाजूला बोलावण्यात आलं.

"आणि काम?" तिनं विचारलं.

"मंडीदीपला. औषधाच्या कारखान्यात, पॅकिंगवर." तो जिलबी मोडत म्हणाला. "दिवसाला दोन लाख गोळ्या माझ्यासमोरून जातात. त्यातली एकही माझी नाही."

"मीही घेत नाही," ती म्हणाली. "साधी तापाचीसुद्धा नाही घेत. गोळी नाही, तोवर आजार नाही."

"शास्त्र आहे की काय हे?"

"माझं आहे."

हे ती थट्टेत म्हणाली, पण ते थट्टेतलं नव्हतं. सकाळी उठायचं, डबा करायचा, बस पकडायची, वेढे मोजायचे... या सगळ्यात कुठेही तिला आठवण करून देणारी वस्तू घरात नव्हती. एक डबी आली असती तर ती रोज दिसली असती. वर्षातून दोन दिवस सोडले तर ती इतर बायकांसारखीच एक बाई होती. आणि अलीकडे त्या दोन दिवसांचीही ती वाट बघू लागली होती, हे तिनं स्वतःला अजून सांगितलेलं नव्हतं.

"खां, और पोहे?" टपरीवाल्या चाचानं खास भोपाळी हाक देत विचारलं.

"नहीं चाचा," सत्यजित म्हणाला. मग तिच्याकडे बघून, "...की घ्यायचे?"

"घ्या की. जानेवारीपर्यंत पुरले पाहिजेत."

*

अशा चार भेटी झाल्या. मधल्या महिन्यांत फोन नाही. नंबर मागायचं धैर्य दोघांनाही झालं नव्हतं.

दोन हजार सतराच्या जानेवारीत तारीख नेमकी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आली. सुरुचीनं तिळगूळ आणला होता. स्टीलचा लहान डबा, त्याचं झाकण थंडीनं घट्ट बसलेलं.

"हे जरा धरा," तिनं आपलं कार्ड त्याच्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी झाकण ओढायला लागली.

"मी उघडू?"

"बावन्न किलोवाल्यांनी नुसतं बघावं."

झाकण सुटलं ते एकदम. दोन लाडू उडून वजनकाट्याखाली गेले. "तिळगूळ घ्या..." ती म्हणाली, आणि पुढचं तिला म्हणताच येईना, कारण तो जमिनीवर ओणवा होऊन लाडू शोधत होता आणि ती हसत होती. तेवढ्यात नव्या आलेल्या सिस्टरनं दारातून हाक मारली, "चलिए, अगला कौन?" त्यानं एका हातात लाडू, एका हातात दोन कार्डं असा तिच्याकडे बघून एक कार्ड परत दिलं आणि आत गेला.

सिस्टरनं कार्डावरचा नंबर वाचला, तसं नळीवर लेबल लावलं. नंतर सुरुची आत गेली. तिच्याही कार्डावरचा नंबर वाचला गेला, लेबल लागलं. दोघांनी कार्डं न बघता खिशात आणि पर्समध्ये टाकली. त्या दिवशी त्यांनी एकमेकांचे फोन नंबरही घेतले, पण फोन मात्र कुणी केला नाही. ती त्याच्या फोनची वाट बघत राहिली, आणि तो, आपण फोन केला तर बरं दिसेल का, याचा विचार करत राहिला.

*

एप्रिलमध्ये डॉ. रेवतींनी वाचन पूर्ण केलं.

प्रत्येक माणसातल्या विषाणूचं स्वतःचं असं अक्षर असतं. तो बदलत राहतो, पण आपल्या वळणानंच बदलतो. सगळ्यांचे नमुने मांडून वंशवृक्ष काढला, की अकरा नंबरचे नमुने एका फांदीवर येतात, एकोणीसचे दुसऱ्या. दर वेळी तसेच येत. या वेळी अकराचा नवा नमुना एकोणीसच्या फांदीवर बसला होता, आणि एकोणीसचा अकराच्या.

रेवतींना पहिली शंका आली ती अदलाबदलीची. त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतली प्रत्येक नळी, प्रत्येक नोंद तपासली. सगळं बरोबर होतं. मग दुसरी शक्यता उरत होती, दोघांनी आपले विषाणू एकमेकांना दिल्याची, आणि ती अशी होती की रेवतींनी चष्मा काढून पुसला. त्या लाजाळू बाई होत्या. विषाणूंशी त्या बारा-बारा तास बोलू शकत. माणसांशी बोलण्यासाठी त्यांनी सुलभाताईंना नेमलं होतं.

सुलभाताई वीस वर्षं समुपदेशन करत होत्या. त्यांना अदलाबदलीची शक्यता पटलीच नाही. जगात काय काय घडतं हे त्यांनी पाहिलेलं होतं.

पहिल्यांदा सत्यजितला बोलावलं.

"बसा. पाणी घ्या. हे बघा, मी इथे कुणाचा न्याय करायला बसलेली नाही."

या वाक्यानंच त्याला घाम फुटला.

"आपल्या अभ्यासातल्या आणखी कुणाशी तुमची ओळख आहे?"

"आहे. एकोणीस नंबर."

"किती?"

"दोन वर्षं."

"तसं नाही. किती... जवळून?"

"बाकाइतकं," तो म्हणाला. "म्हणजे त्या एका टोकाला, आणि मी..."

"शारीरिक संबंध?"

टेबलावर काचेचा पेपरवेट होता. सत्यजितनं तो फार बारकाईनं पाहिला.

"नाही."

"त्यात लाजण्यासारखं काही नाही हो. फक्त मला खरं सांगा."

"खरंच सांगतोय." आणि मग, कुणी विचारलं नसताना, तो आणखी एक वाक्य बोलला. बोलून झाल्यावर पाणी न पिताच उठला.

अर्ध्या तासानं सुरुची आत गेली, आणि पाचव्या मिनिटाला बाहेर आली. तो जिन्याच्या वळणावर उभा होता. जावं की थांबावं हे ठरत नसलेल्या माणसासारखा.

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"मी नाही म्हणालो."

"मग त्या मला हे असलं का विचारतात? कुणी सांगितलं म्हटलं, तर म्हणतात, तुमच्या रक्तानं सांगितलं! आणि तुम्ही कानापर्यंत लाल होऊन बाहेर आलात, ते मी पाहिलंय. नाही म्हणणारा माणूस असा लाल होतो?"

"नाही म्हटल्यावर आणखी एक वाक्य बोललो."

"कुठलं?"

तो कठड्यावर बोट फिरवत राहिला.

"सांगा ना. सुलभाताईंना सांगता येतं, आणि मला नाही?"

"म्हणालो, की... तसं काही असतं, तर मी स्वतःला नशीबवान समजलो असतो."

खाली चौकात कुणीतरी बराच वेळ हॉर्न वाजवत होतं. ते थांबलं.

"हे आधी मला सांगायचं असतं," सुरुची म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता.

"कधी सांगणार? वर्षातून दोनदा भेटता. त्यातही निम्मा वेळ पोह्यांत जातो."

"पोहे तुम्ही मागवता."

"तुम्ही उठून जाऊ नये म्हणून मागवतो."

हात मोकळे राहू नयेत म्हणून तिनं पर्स उघडली, कार्ड काढलं. "रक्तानं सांगितलं म्हणे. हे बघा. माझं कार्ड, माझा नंबर, एकोणी..."

कार्डावर अकरा लिहिलेलं होतं.

दोघंही ते कार्ड बघत राहिले. मग सत्यजितनं पाकीट काढलं. त्याच्याजवळ एकोणीस होतं; कोपऱ्यात तीळ चिकटलेला.

*

डॉ. रेवती स्वतः बाहेर आल्या. इतक्या वर्षांत दोघांनी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. चाळिशीच्या, बारीक, पायात रबरी चपला.

"चूक माझी," त्या भराभर बोलल्या. "रक्त बाईचं आहे की पुरुषाचं, हे तपासायला एक दुपार लागते. पण संमतीपत्रावर फक्त विषाणू वाचायची परवानगी होती. माणूस वाचायची नव्हती. तुम्हाला बोलावून परवानगी मागायला हवी होती, आणि आम्ही तुम्हाला बोलावून... ते दुसरंच विचारलं. मला फार वाईट वाटतंय."

सुलभाताई खिडकीबाहेर बघत होत्या. "मी आपली अनुभवानं गेले," त्या पुटपुटल्या.

दोघांचं पुन्हा रक्त घेतलं गेलं. ते झाल्यावर रेवतींनी दोघांना विचारलं, की तुमचे निकाल एकमेकांसमोर सांगितले तर चालतील का. दोघांनी माना हलवल्या. तेव्हा त्यांनी कागदावर लाल शाईनं दोन रेघा ओढल्या.

"ही सत्यजितच्या विषाणूची. इथे बघा, एका जनुकातला मोठा तुकडाच नाही. हा विषाणू लंगडा आहे. म्हणून तुम्ही ठीक आहात. आणि ही सुरुचीची. यात मला एकही खोट सापडली नाही. हा पूर्ण आहे, धडधाकट आहे. त्याला धरून ठेवलंय ते तुमच्या शरीरानं."

"म्हणजे पैलवान तुम्ही निघालात," सत्यजित हळूच म्हणाला.

रेवती हसल्या नाहीत. "सुलभाताईंना जी भीती वाटली ती उगीच नव्हती. तुम्ही दोघं उद्या एकत्र राहिलात, आणि काळजी घेतली नाही, तर सुरुचीचा विषाणू तुमच्यात येऊ शकतो. तुमच्या शरीरानं आजवर फक्त लंगड्याला सांभाळलंय. याला ते सांभाळेल की नाही, मला सांगता येणार नाही. निरोधनं धोका पुष्कळ कमी होतो. पण रोज गोळी घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तर तो दुसऱ्याला जातच नाही. साधारण सहा महिने लागतात."

"गोळी," सुरुची म्हणाली.

"आता नियमही बदलतोय. आकडा कितीही चांगला असो, सगळ्यांना गोळी. जो सुरू करेल तो माझ्या अभ्यासातून बाहेर. तेवीसपैकी माझ्याकडे अठरा उरलेत." रेवतींनी चष्मा पुसला. "तरी तुम्हाला सांगते, घ्या. आणि एकमेकांसाठी नाही. स्वतःसाठी घ्या."

*

त्यानंतर फोन मात्र सुरू झाले. रोज, सत्यजित मंडीदीपच्या बसमध्ये बसला की.

"गोळीबद्दल बोलायचं नाही," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "तुम्हाला नको असेल तर नको. आपण चहा पीत राहू. चहातून काही जात नाही."

"आणि तुम्हाला तेवढं पुरेल?"

"नाही पुरणार," तो म्हणाला. "पण मी तक्रार करणार नाही."

ती पंधरा दिवस वेढे मोजत राहिली, आणि दोनदा चुकली. तिच्या हातून असं कधी होत नसे. तिला डबीची भीती वाटत होती हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. तिला ज्यानं हा आजार दिला, त्याला कदाचित तो माहीत नव्हता. एवढ्या एका 'कदाचित'च्या आधारानं तिनं त्या माणसाला क्षमा केली होती. तिला मात्र माहीत होतं. लाल शाईच्या रेघेसह समजावून सांगितलेलं होतं. तिला आता कुठलंही कदाचित शिल्लक नव्हतं.

मेअखेरच्या एका सकाळी तिनं वडिलांना सांगितलं. नरहरराव दुधाजवळ उभे होते.

"बाबा, मी गोळी सुरू करतेय."

त्यांनी आधी गॅस बंद केला. "आकडा उतरला?"

"नाही. सातशे ऐंशी. होता तेवढाच आहे."

"मग कशाला? लोक काय..."

"लोकांना माहीतच नाही, बाबा."

"मला माहीत आहे ना," नरहरराव म्हणाले. "दहा वर्षं मी रोज उठून स्वतःला सांगतो, की माझ्या पोरीला गोळीसुद्धा लागत नाही."

सुरुचीनं त्यांच्या हातातली सांडशी घेतली आणि खाली ठेवली.

"एक माणूस आहे," ती म्हणाली.

नरहररावांनी दुधाकडे पाहिलं. साय धरायला लागली होती.

"त्याला माहीत आहे?"

"त्यालाही आहे, बाबा. तोही माझ्यासारखाच."

"करतो काय?"

"मंडीदीपला, औषधाच्या कारखान्यात. गोळ्या पॅक करतो."

"म्हणजे गोळ्यांतलाच आहे," नरहरराव म्हणाले, आणि चष्म्याखालून डोळे पुसत पेपर वाचायला निघून गेले.

*

जुलैची तारीख आली. सत्यजित साडेनऊलाच बाकावर येऊन बसला. बाहेर पाऊस नुसता भुरभुरत होता, छत्री उघडावी की नाही असा. दहा वाजले, साडेदहा झाले.

जूनच्या मध्यापासून तिनं फोन उचलला नव्हता. एकच संदेश होता: 'जुलैत भेटू.' त्या दोन शब्दांवर त्यानं चार आठवडे काढले होते.

"सिस्टर, उन्नीस नंबर आज नहीं आईं?"

सिस्टरनं वही पाहिली. "उन्नीस? वो तो स्टडी से निकल गईं."

तो सुलभाताईंकडे गेला. त्यांनी दार लावून घेतलं, खुर्ची दिली, आणि कारण सांगता येत नाही असं सांगितलं. नियम आहे, त्या म्हणाल्या. आणि या खेपेला त्यांनी अनुभवानं अजिबात जायचं नाही असं ठरवलेलं दिसलं.

सत्यजित जिना उतरला. रक्त द्यायचं तसंच राहिलं. एक मुलगी सहा महिन्यांतून एकदा भेटायची तीही आता भेटणार नाही, यात जगाचं काही बिघडलं नव्हतं. रस्ता ओला होता, सिटी बस पाणी उडवत गेली. तो कोपऱ्यावर आला. ताडपत्रीखालच्या आतल्या स्टुलावर सुरुची बसली होती.

ती थोडी वाळली होती. समोर दोन ग्लास होते, दोन्ही भरलेले.

"उशीर केलात," ती म्हणाली. "चहा दोनदा गरम करून घेतला. चाचा आता चिडलेत."

"तुम्ही अभ्यास सोडलात."

"सोडला."

"का?"

"गोळी सुरू केली. चौदा जूनपासून." ती ग्लासाकडे बघत बोलत होती. "पहिले पंधरा दिवस चक्कर यायची. भिंत धरून चालत होते. म्हणून फोन उचलला नाही. तुम्ही म्हणाला असतात, नको, बंद करा. आणि मी केली असती."

तो उभाच होता. भुरभुर त्याच्या केसांवर जमत होती.

"बसा ना. आणि ऐका. मॅडमना विचारून आलेय. सहा महिन्यांनी माझा सापडेनासा झाला, की तुम्हाला माझ्यापासून धोका नाही. मग तुम्हाला गोळीची गरज माझ्यासाठी तरी नाही. तुमचा लंगडा तुमच्याजवळ ठेवा. अकरा नंबरही ठेवा. मॅडमनाही हवा आहे तो."

"म्हणजे तुम्ही घेणार, आणि मी नुसता बघणार?"

"बावन्न किलोवाल्यांनी..." ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. "मला द्यायचं नव्हतं तुम्हाला. काहीही द्यायचं नव्हतं. एवढंच."

सत्यजितनं ग्लास उचलला, एक घोट घेतला, ठेवला. मग वळला आणि रस्ता ओलांडून पुन्हा त्या इमारतीत शिरला.

सुरुची बसून राहिली. रक्त द्यायला गेला असेल, तिनं स्वतःला समजावलं. बरंच झालं. तेच तर आपण सांगितलं. ताडपत्रीतलं पाणी टपटपत होतं, आणि चाचानं विचारलं, "बिटिया, ये वाली फेंक दूं?" ती म्हणाली, राहू द्या.

वीस मिनिटांनी तो आला. हातात एक घडी घातलेला कागद होता. तो या वेळी समोर बसला नाही, तिच्या बाजूच्या स्टुलावर बसला.

"दिलंत रक्त?"

"नाही. हे औषध केंद्राला दाखवायचं पत्र. मॅडम म्हणाल्या, आता सोळाच उरले, आणि मग हसल्या. मग चष्मा पुसायला लागल्या. नक्की काय झालं ते मला कळलं नाही."

"मी सांगितलं होतं ना, माझ्यासाठी नको म्हणून!"

"तुमच्यासाठी नाहीच." त्यानं गार झालेला चहा संपवला. "किती वाजता घेता तुम्ही?"

"साडेनऊ. रात्री."

"रोज साडेनऊला तुम्ही तिथे एकट्या गोळी घेऊन बसणार, आणि मी घरी ओटा पुसत असणार. ते मला बरं वाटलं नाही. मीही साडेनऊलाच घेईन."

तिचा हात स्टुलाच्या कडेवर होता. थोड्या वेळानं त्यानं आपला हात त्यावर ठेवला, जरा अंदाज घेत, आणि तिनं तो राहू दिला. अडीच वर्षांत प्रथमच.

"चक्कर सोडून आणखी काय होतं?" त्यानं विचारलं.

"स्वप्नं पडतात. कागदावर लिहिलेलंच आहे, घाबरू नये म्हणून. फार रंगीत पडतात."

"कसली?"

ती लाजली. मान वळवून पावसाकडे बघत राहिली.

"सांगा ना... कोण असतं त्यात?"

"घ्यायला लागलास की कळेल तुला," सुरुची म्हणाली, आणि चाचाला दोन प्लेट पोहे सांगितले.